कवाईतीचे पहिले सहा आठवडे

लष्करी शिक्षण म्हटले की सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे बंदूक, तोफ आणि धुराचे लोट उभे राहतात. आपल्या मुलाला सैनिकी शिक्षणासाठी पाठविणारे आईबापही बहुधा असेच समजतात की, पोर गेल्या दिवसापासून शस्त्र चालवावयास शिकेल. वस्तुस्थिती निराळी आहे. आरंभीच्या दिवसांत शस्त्राचा संबंध फारच थोडा येतो. संबंध येतो तो केसांशी, बुटांशी, अंथरुणाच्या घडीशी, घड्याळाच्या काट्याशी आणि उस्तादाच्या आवाजाशी. हे असे का असते, ह्या दिवसांत तरुणाच्या शरीरात व मनात काय घडते, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून जाणाऱ्या मुलामुलींना घरच्यांनी कोणती शिदोरी बांधून द्यावी, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ह्या शिक्षणाच्या वाटा पाहू. सर्वांत जवळची वाट शाळेच्या मैदानावरूनच जाते. पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ही सेना उभी राहिली. पुढील वर्षी मुलींचा विभाग निघाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महाविद्यालयांत ती काही वर्षे सक्तीची होती. १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक झाली. प्रजासत्ताकदिनी तालुक्याच्या गावी ध्वजापुढे संचलन करणारा खाकी पोशाखातील विद्यार्थी पुष्कळदा ह्याच सेनेचा असतो. ह्या सेनेतील शिक्षक-अधिकाऱ्यांना शिकविणारी संस्था नागपूरजवळ कामठी येथे आहे. वर्गात ज्यांच्या शब्दाला मान, अशा मास्तरांनाही तेथे ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ ह्यांपासूनच आरंभ करावा लागतो.

दुसरी वाट दूरची आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली. विदर्भाच्या मुलांना जवळ पडेल अशी चंद्रपूरची शाळा २०१९ साली सुरू झाली. दहावीनंतर दोन वर्षे तयारी करवून घेणारी राज्य सरकारची संस्था औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून आहे, आणि मुलींकरिता तशीच संस्था नाशिक येथे २०२३ साली निघाली. ह्या सर्व वाटा ज्या दाराशी जाऊन मिळतात ते दार म्हणजे पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिचा आरंभ १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे झाला; त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली आणि जानेवारी १९५५ मध्ये तेथील वास्तूचे उद्घाटन झाले. भूदल, नौदल व हवाईदल ह्या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. २०२२ साली येथे मुलींना प्रथम प्रवेश मिळाला, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

अशा ठिकाणी येणाऱ्या छात्राचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर आईने कपाळाला कुंकू लावून ज्याला गाडीत बसविले, तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्यास उतरतो तेव्हा त्याच्याजवळ पेटी असते, कागदपत्रे असतात आणि आपण परीक्षेत निवडले गेलो ह्याचा थोडा अभिमानही असतो. पहिल्या आठवड्यात ह्या अभिमानालाच प्रथम कात्री लागते. सर्वांचे केस सारखे कापले जातात. सर्वांना सारखे कपडे, सारखे बूट, सारख्या चादरी मिळतात. कपाटातील कोणती वस्तू कोणत्या खणात, कोणत्या घडीची, हेही ठरलेले असते. सकाळी उजाडण्यापूर्वी उठावयाचे, ठरलेल्या मिनिटाला रांगेत उभे राहावयाचे, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना रमतगमत न जाता धावत किंवा सायकलीवर रांगेने जावयाचे. बाहेरच्या माणसाला हा सगळा निरर्थक छळ वाटतो. पण त्यात दोन हेतू आहेत. एक हा की, सरदाराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा ह्यांना ओळखण्याची जी बाहेरची चिन्हे असतात ती पुसून टाकावी, म्हणजे पुढील तुलना केवळ अंगच्या गुणांची होईल. दुसरा हा की, लहानसहान कामे विचार न करता हातून घडावीत, म्हणजे विचार मोठ्या कामाकरिता मोकळा राहील. रात्री अंधारात तंबू सोडावा लागला तर आपला बूट कोठे आहे हे शोधीत बसण्यास वेळ नसतो.

आता कवाईतीकडे वळू. ‘कवाईत’ हा शब्द मूळ अरबी ‘कवायद’ ह्यापासून आला. ‘कायदा’ ह्या शब्दाचे ते अनेकवचन. म्हणजे कवाईत याचा मूळ अर्थ हातपाय हलविणे असा नसून नियमांचा समूह असा आहे. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस नॅसॉचा राजपुत्र मॉरिस याने डच फौजेला अशा ठरावीक हालचाली शिकविल्या आणि हळूहळू ती पद्धत सर्वत्र पसरली. महाराष्ट्राला तिची ओळख अठराव्या शतकात झाली. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी ह्याच्या ज्या पलटणी लढल्या त्या कवायती होत्या. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन ह्या फिरंगी सरदाराकडून आपल्या कवायती पलटणी उभारून घेतल्या. त्या काळी रांग धरून उभे राहणे हेच लढाईचे तंत्र होते, कारण एका वेळी एकत्र बार उडविल्याखेरीज त्या बंदुकांचा परिणाम होत नसे.

आज कोणतीही फौज रांगेत उभी राहून लढत नाही. मग कवाईत कशाला, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचे उत्तर हुकुमाच्या रचनेतच आहे. प्रत्येक हुकुमाचे दोन भाग असतात. ‘दाहिने’ हा पहिला भाग केवळ सूचनेचा. ‘मुड’ हा दुसरा भाग कृतीचा. आणि दोहोंमध्ये थोडा विराम असतो. नवा छात्र ‘दाहिने’ हा शब्द कानी पडताच वळतो आणि सर्व रांगेत एकटाच उघडा पडतो. काय करावयाचे आहे हे कळलेले असूनही क्षणभर थांबणे, आणि वेळ येताच मात्र क्षणाचाही विलंब न लावणे, ह्या दोन्ही गोष्टी तो ह्या विरामातून शिकतो. हा संयम पुस्तकातून शिकविता येत नाही. तो शेकडो वेळा तीच हालचाल करूनच अंगी मुरतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत उस्ताद तेच तेच करवून घेतो, आणि कवाईतीच्या परीक्षेत उतरल्यावाचून छात्राला सुट्टीच्या दिवशी बाहेर पाऊल टाकता येत नाही.

येथपर्यंतची हकीकत शिस्तीची झाली. पण हीच शिस्त पायाच्या हाडावर काय आणते हे आईबापांना क्वचितच कोणी सांगितलेले असते, आणि सांगावयास पाहिजे ते हेच आहे.

‘तेज चल’ ह्या चालीत मिनिटाला १२० पावले पडतात आणि प्रत्येक पाऊल ३० इंचांचे असते. म्हणजे मिनिटाला १०० यार्ड अंतर तोडले जाते, आणि तासाला ७२०० वेळा टाच जमिनीवर आपटते. धावताना तर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. जो मुलगा घरी चपला घालून हिंडत होता त्याच्या पायात एकाएकी जड बूट येतो आणि पायाखाली कठीण मैदान येते. त्याचे स्नायू दोन-तीन आठवड्यांत ह्या श्रमाला सरावतात. दम वाढतो, मांड्या भरतात, आणि आपण आता पक्के झालो असे त्याला वाटू लागते. परंतु हाडाची गोष्ट तशी नाही.

हाड हे लाकडाच्या खुंटासारखे निर्जीव नसते. त्याच्यावर नवा भार पडू लागला की शरीर त्याची दुरुस्ती काढते. प्रथम जुना भाग पोखरून काढला जातो आणि मग त्या जागी नवे, अधिक दणकट हाड भरले जाते. पोखरण्याचे काम थोड्या आठवड्यांत होते. भरण्याचे काम काही महिने चालते. उन्हाळ्याच्या अखेरीस घरावरचे जुने कवेलू उतरवून ठेवावे, नवे अजून चढवावयाचे असावेत आणि इतक्यात मृगाचा पाऊस कोसळावा, तशी ह्या मधल्या काळात हाडाची स्थिती असते. स्नायू बळावलेले असल्यामुळे मुलगा अधिक जोराने धावतो आणि हाड मात्र नेमके तेव्हाच दुबळे असते. म्हणून नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर पडण्याचा मोठा धोका साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून पुढे असतो.

ही व्यथा नवी नाही. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन १८५५ सालीच लिहून ठेवले होते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्यानंतर कळले की ती नुसती सूज नसून पावलाची हाडे चिरलेली आहेत. तिची लक्षणे ओळखण्यास सोपी आहेत. सर्व पाय ठणकत असेल तर तो बहुधा साधा शीण असतो, व तो एक-दोन दिवसांत जातो. परंतु एकाच जागी, बोटाने दाबून दाखविता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि विसावा घेताच कमी होत असेल, तर त्या दुखण्याची उपेक्षा करता कामा नये. आरंभीचे दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पहिल्या फोटोत काही आढळले नाही एवढ्यावरून दुखणे खोटे ठरत नाही. वेळीच विश्रांती मिळाली तर अशी चीर बहुधा सहा-आठ आठवड्यांत सांधते. दडवून ठेवली तर हाड आरपार मोडू शकते, आणि मग एखादी सहामाही बुडते किंवा आयुष्याची दिशाच बदलते.

उन्हाचीही गोष्ट अशीच आहे. विदर्भातील मुलगा उन्हाला सरावलेला असतो हे खरे. पण उन्हात बसणे निराळे आणि अंगभर पोशाख घालून उन्हात धावणे निराळे. शरीराला अशा श्रमाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत धावता धावता बडबडू लागणे, झोकांड्या खाणे, साध्या प्रश्नाचे उत्तर न देता येणे, ही लक्षणे दुबळेपणाची नसून उष्माघाताची असू शकतात. अशा वेळी शेजारच्या छात्राने गप्प न बसता उस्तादाला हाक मारावी. रोग्याला सावलीत घेऊन, पाणी ओतून व वारा घालून ताबडतोब थंड करणे आणि दवाखान्यात पोचविणे ह्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

मनाचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, पण ते असतेच. पहिल्या पंधरवड्यात झोप पुरत नाही, घरची आठवण येते, आणि चूक एकाची असली तरी शिक्षा सर्व टोळीला भोगावी लागते. सामुदायिक शिक्षेचा हेतू असा की, मागे पडणाऱ्याला पुढच्यांनी हात द्यावा. छात्र आपल्या बोलीत ह्या रगडपट्टीला ‘रगडा’ म्हणतात. तो उघड्या मैदानावर, उस्तादाच्या डोळ्यांदेखत, सर्वांना सारखा आणि ठरावीक वेळापुरता असेल तोवर त्याला शिक्षणाचा भाग म्हणता येईल. परंतु रात्री, बंद दाराआड, एखाद्या वरच्या वर्गातल्या मुलाच्या मौजेकरिता जे चालते ते शिक्षण नव्हे. नियमांनीही त्याला बंदी आहे, आणि त्याची वाच्यता करणे ही चुगली नव्हे.

येथेच ह्या शिक्षणातील खरी अडचण आहे. पहिल्या सहा आठवड्यांत तरुणाला अहोरात्र सांगितले जाते की, मागे हटू नको, तक्रार करू नको, टोळीला खाली पाहावयास लावू नको. ही शिकवण योग्यच आहे, कारण रणांगणावर तक्रारीला जागा नसते. परंतु चांगला मुलगा तिचा अर्थ चुकीचा लावतो. पाय दुखतो असे सांगितले तर आपल्याला भित्रा म्हणतील, आजारी यादीत नाव गेले तर आपण मागे पडू, ह्या भीतीने तो दुखणे दातांखाली दाबून धावत राहतो. अंगचोर मुलगा हाड मोडेपर्यंत कधीच धावत नाही. ही आपत्ती मेहनती, मानी आणि आज्ञाधारक मुलावर येते, म्हणून तिचे दुःख अधिक. अनुभवी उस्ताद हे जाणतो. आजारी यादीत वारंवार जाणाऱ्यापेक्षा कधीच न जाणाऱ्या, पण चाल किंचित बदललेल्या छात्राकडे तो अधिक लक्ष ठेवतो. तथापि एका उस्तादापुढे अनेक छात्र असतात. अखेर बोलावे लागते ते ज्याचा पाय दुखतो त्यानेच.

न बोलल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. शिक्षण चालू असेतोवर छात्र हा अधिकारी नसतो. त्याची नेमणूक शिक्षण पुरे झाल्यावर होते. त्यामुळे शिक्षणात झालेल्या इजेने कायमचे अपंगत्व येऊन ज्यांना घरी परतावे लागले, त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे. थोडीशी मासिक मदत मिळे, पण माजी सैनिकांच्या दवाखान्याची सोय नसे. अठराव्या वर्षी खडकवासल्यास गेलेला आणि विसाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीवर परतलेला मुलगा सर्वस्वी आईबापांवर पडे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न आपण होऊन हाती घेतला, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेत घेतले. अशी मोठी इजा थोड्यांच्याच वाट्यास येते, आणि ती टाळणे प्रत्येक वेळी मुलाच्या हाती असतेच असे नाही. परंतु जी इजा हळूहळू वाढते आणि अगोदर सूचना देते, ती तरी टाळता आली पाहिजे.

आता भंडाऱ्याच्या मुलाकडे पाहू. तो रिकाम्या हाताने जात नाही. आषाढात धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी केलेल्या मुलाला कष्ट म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. गावच्या तलावात पोहावयास शिकलेला मुलगा प्रबोधिनीच्या जलतरण तलावात शहरच्या मुलाइतका बिचकणार नाही. मध्यप्रदेशची सीमा लागून असल्यामुळे तुमसरकडच्या मुलाच्या कानाला हिंदी हुकूम परके वाटत नाहीत. त्याला उणीव पडते ती निराळ्याच गोष्टींची. कष्टाची सवय असते, पण मिनिटाच्या हिशेबाची नसते. बोली झाडीची असते, आणि चारचौघांत इंग्रजीत बोलताना जीभ अडखळते. ती लाज पहिल्या काही महिन्यांत बोलूनच जाते, गप्प राहून जात नाही. आणि शेतकऱ्याच्या घरात दुखणे सांगण्याची रीत नसते. ज्या घरात बाप तापातही नांगर धरतो, त्या घरचा मुलगा नडगीतल्या कळीची गोष्ट कोणाजवळ काढील?

म्हणून जाण्यापूर्वीचे चार-सहा महिने घरच्यांनी थोड्या गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पहाटे हमरस्त्याच्या कडेने डांबरावर धावण्यापेक्षा मुलाने मातीच्या मैदानावर धावावे. वाहनांचा धोका टळतो आणि हाडांनाही मऊ पडते. अंतर एकदम न वाढविता आठवड्याला थोडेथोडे वाढवावे आणि आठवड्यातून एक दिवस पायांना विसावा द्यावा. दुपट्टी अंतर धावून दाखविण्याची पैज लावू नये. बूट घालून चालण्याची सवय घरीच करावी. नुसत्या भातावर न राहता दूध, डाळ, अंडी किंवा मासळी, जे घरात चालत असेल ते, रोजच्या जेवणात असावे; हाडाला चुना आणि सूर्यप्रकाश दोन्ही लागतात. मुलींच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण अशा चिरांचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळते. रात्री लवकर निजून पहाटे उठण्याचा नेम तर आजपासूनच लावता येईल.

ही झाली शरीराची तयारी. मनाची तयारी एका वाक्याची आहे, आणि ते वाक्य बापाने किंवा वडीलभावाने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे, कारण मुलगा त्यांच्याच नजरेतून उतरण्यास भितो: “दमलास तर थांबू नकोस, पण एका जागी दुखू लागले तर त्याच दिवशी सांग. त्याने आमची मान खाली जाणार नाही.” पुढे पत्रातून वा फोनवरून मुलाशी बोलणे होते तेव्हा आई विचारते, जेवलास का. तो विचारणारच नाही असे उत्तर देतो, की हो, जेवलो. त्या प्रश्नाला तिसऱ्या आठवड्यापासून आणखी एक प्रश्न जोडावा: पाय कोठे दुखतो का? आणि उत्तर येण्यास थोडा उशीर लागला, तर फोन ठेवण्याची घाई करू नये.